कामाच्या वेळेतली गाडी

नर्सबाई: ...म्हणून म्हणतेय, तुमचं लायसन्स काढून द्या. झेरॉक्स उद्याच द्यायचीय ऑफिसात.

ड्रायव्हर: अगं, नोकरी तुझी. माझं लायसन्स त्यांना कशाला?

नर्सबाई: गाडी तुम्ही चालवता म्हणून. तुम्ही निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं मला पेशंटच्या दारात नेऊन सोडताय. ते काय कुणाला ठाऊक नाही?

ड्रायव्हर: अकरा वर्षांत कधी विचारलं नाही.

नर्सबाई: आता विचारतायत. आज घरभेटीवाल्या सगळ्या नर्सेसना बोलावलं होतं. ती नवीन मुलगी आहे ना, तीन रंगांच्या फायली घेऊन बसणारी, आम्ही तिला कागदवाली म्हणतो, तिने समोर बसवून समजावलं. दुसऱ्या शाखेतल्या एका नर्सच्या गाडीने एकाला उडवलं. कामाच्या वेळेत. माणूस वाचला, पण पाय गेला त्याचा. विमावाल्यांनी कागद उघडले, तर विमा नुसता घरच्या वापराचा. त्यांनी हात वर केले. तेव्हापासून वरून हुकूम आलाय. गाडी घरची असली तरी कामाच्या वेळेत तिची जबाबदारी ऑफिसवर येते. म्हणून जो चालवतो त्याचं चालू लायसन्स, विम्यावर ‘कामासाठी वापर’ असा शेरा, आणि दर वर्षी एक सही केलेला फॉर्म. ह्यातलं एक जरी कमी असेल तर घरभेटी बंद.

ड्रायव्हर: आपलाही विमा घरच्याच वापराचा आहे.

नर्सबाई: माहीत आहे. मी दुपारीच फोन केला. विमावाला म्हणाला, शेरा वाढवून देतो, चालवणाऱ्याच्या लायसन्सचा नंबर कळवा. म्हणून तर मागतेय.

ड्रायव्हर: चहा टाकू का तुला?

नर्सबाई: चहा नंतर. पाकीट कुठेय?

ड्रायव्हर: खुंटीवरच्या शर्टात. राहू दे, मी काढतो.

नर्सबाई: बसा, सापडलं. निवृत्तीचं ओळखपत्र, रक्तगटाचं कार्ड, लेकीचा फोटो... हे बघा, इथेच तर आहे. अहो, ह्याच्यावरची तारीख गेलीय.

ड्रायव्हर: जुनं असेल.

नर्सबाई: हे जुनं, तर नवं कुठे आहे?

ड्रायव्हर: असेल कुठेतरी.

नर्सबाई: आठ महिने झाले मुदत संपून. तुम्ही गेला होतात मुदत वाढवायला, इस्त्रीचा शर्ट घालून. मला चांगलं आठवतंय. आल्यावर म्हणालात, काम झालं.

ड्रायव्हर: काम झालं म्हणालो. लायसन्स मिळालं असं नाही म्हणालो.

नर्सबाई: माझ्याशी वकिली नको. काय झालं तिथे?

ड्रायव्हर: डोळे तपासले. भिंतीवरची अक्षरं मी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. मग एका यंत्रात तोंड घालायला लावलं. नजर समोर ठेवायची, कडेला दिवा लागला की बटण दाबायचं. डावीकडचे सगळे दाबले मी. मग त्या मुलीला म्हणालो, अहो, यंत्र बिघडलंय तुमचं, उजवीकडे दिवे लागतच नाहीयेत. ती म्हणाली, लागतायत, काका.

नर्सबाई: काचबिंदू.

ड्रायव्हर: तोच. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते टिकवायचं. एक थेंब सकाळी, एक संध्याकाळी.

नर्सबाई: घालता?

ड्रायव्हर: गाडीच्या खणात ठेवलेत. तू पेशंटच्या घरात शिरलीस की घालतो. एक दिवस चुकवला नाही.

नर्सबाई: दिवसाला नऊ घरं करते मी. पायमोजा काढायच्या आधी सांगते, कुणाच्या पायाचं बोट काळं पडलंय. आणि माझ्या शेजारी बसलेला माणूस... कडेचा आरसा फुटला तेव्हा काय सांगितलंत? उभ्या गाडीला दुधाचा टेम्पो घासून गेला.

ड्रायव्हर: टेम्पोच होता. उभा मात्र तो होता.

नर्सबाई: आणि ती वळणं. सरळ उजवीकडे वळलं की त्या पायाच्या जखमेवाल्या मास्तरांचं घर. तर तुम्ही शाळेच्या मागून, बाजाराच्या मागून, तीन डावी वळणं घेऊन जाता. मी आपली कौतुकाने सांगत फिरते, आमचे हे गर्दी किती टाळतात.

ड्रायव्हर: गर्दीही टळायची.

नर्सबाई: हसू नका.

ड्रायव्हर: हसत नाहीये मी. एकतीस वर्षं बस चालवली. पन्नास-साठ माणसं पाठीमागे बसवून. गाडीला ओरखडा नाही. माझ्या खिशात लायसन्स नाही असा दिवस मला आठवत नाही. तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस.

नर्सबाई: घेतलीच असती.

ड्रायव्हर: मग? तू सकाळी निघून गेल्यावर मी दार लावून काय केलं असतं?

नर्सबाई: ते मला विचारायला हवं होतंत. आठ महिन्यांपूर्वी. किल्ली द्या.

ड्रायव्हर: आत्ता?

नर्सबाई: आत्ता.

ड्रायव्हर: उद्या पहिलं घर आठला आहे तुझं. जाशील कशी?

नर्सबाई: बसने.

ड्रायव्हर: दोन बदलाव्या लागतील. ती औषधांची पेटी घेऊन.

नर्सबाई: बदलीन. पुढच्या महिन्यापासून मीच चालवेन. माझं लायसन्स चालू आहे.

ड्रायव्हर: बावीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाहीस. शेवटचा लावलास तेव्हा फाटक पाडलं होतंस.

नर्सबाई: फाटक आपलंच होतं. आणि मुदत मी दर वेळी वाढवून घेतलीय. शिकवाल की दुसरं कुणी बघू?

ड्रायव्हर: मी काय शिकवणार आता? दिसत नाही म्हणतेयस ना.

नर्सबाई: कान शाबूत आहेत ना तुमचे. रविवारी जुन्या आगाराच्या मैदानात जाऊ. तिथपर्यंत गाडी लेक आणून देईल.

*

ड्रायव्हर: क्लच सोड. हळू. त्याहून हळू. आता दुसरा टाक, इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का?

नर्सबाई: मला रस्ता दिसतोय तेवढा पुरे. ऐकायचं काम तुमच्याकडे.

ड्रायव्हर: मागचे तीन रविवार मैदानात बरी चालवत होतीस. रस्त्यावर आलीस की खांदे कानाला लागतात तुझे. खाली घे खांदे. ही गाडी आहे, पेशंट नव्हे. धरून ठेवली नाही तरी पडणार नाही.

नर्सबाई: मागचा हॉर्न वाजवतोय.

ड्रायव्हर: वाजवू दे. त्याला घाई असती तर तो काल निघाला असता. बाजूने जाईल. गेला?

नर्सबाई: गेला. आता मास्तरांचं वळण. उजवीकडे घेऊ?

ड्रायव्हर: घे. पण वळायच्या आधी त्या पिवळ्या भिंतीशी थांबव जरा.

नर्सबाई: इथे? का?

ड्रायव्हर: थांबव, सांगतो. हँडब्रेक ओढ. ...तुला आठवतं, पावणेदोन महिन्यांपूर्वी मी इथे करकचून ब्रेक मारला होता? तुझी वही पायाखाली पडली.

नर्सबाई: कुत्रं आडवं आलं होतं.

ड्रायव्हर: कुत्रं नव्हतं. शाळेतली मुलगी होती. सायकलवर. उजवीकडून आली.

नर्सबाई: मी होते ना गाडीत.

ड्रायव्हर: तू मान खाली घालून वहीत रक्तदाब लिहीत होतीस. मलाही ती दिसली नाही. सायकलची घंटी ऐकली आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. मान फिरवली तेव्हा पुढचं चाक बंपरला टेकलेलं. तिने एक पाय जमिनीवर टेकवला होता. माझ्याकडे बघितलं, सायकल मागे ओढली आणि गेली. तू वर बघून विचारलंस काय झालं, तर मी म्हणालो कुत्रं.

नर्सबाई: केवढी होती?

ड्रायव्हर: दहा-अकराची असेल. दोन वेण्या होत्या.

नर्सबाई: आणि त्याच्यानंतर किती दिवस चालवलीत गाडी?

ड्रायव्हर: तू किल्ली मागेपर्यंत. तीन आठवडे.

नर्सबाई: तीन आठवडे.

ड्रायव्हर: दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो ठरवूनच, की किल्ली तुझ्या हातात द्यायची. तू पेटी भरत होतीस. म्हणालीस, चला हो, उशीर होतोय. मी चपला घातल्या. मग रोज तेच. आपणहून सांगून टाकावं असं वाटायचं, आणि तू विचारलंस की सांगू असंही वाटायचं. शेवटी तुझ्या ऑफिसने विचारलं.

नर्सबाई: मला पाणी द्या.

ड्रायव्हर: घे. ओरड ना माझ्यावर.

नर्सबाई: ओरडून काय होणार? त्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे. गेल्या वर्षभरात ही गाडी कामाच्या वेळेत लायसन्स नसलेल्या कुणी चालवली का, काही घडलं का. मी तो कोरा ठेवणार होते. म्हटलं, झालं ते झालं, आता तर मीच चालवणार.

ड्रायव्हर: मग ठेव की कोरा. खरचटलं नाही कुणाला.

नर्सबाई: मला हे माहीत नव्हतं तोवर ठेवता आला असता.

ड्रायव्हर: अगं, नोकरी जाईल. चार वर्षं राहिलीत तुझी.

नर्सबाई: जाईल किंवा राहील. तुम्ही मला सांगितलंत, आता मला ते पोटात घेऊन त्या घरांमध्ये फिरायचंय का, तेवढं मी ठरवेन. निघू? इंडिकेटर द्यायचा ना आधी?

ड्रायव्हर: दे. आरशात बघ. आणि मान वळवूनही बघ.

*

कागदवाली: लायसन्स, ओके. विमा, ‘कामासाठी वापर’, चालक म्हणून तुमचं नाव, ओके. सिस्टर, तुम्ही पहिल्या आहात ज्यांचे सगळे कागद एकाच फेरीत आले. सही... थांबा, हा सात नंबरचा रकाना काय भरलाय तुम्ही?

नर्सबाई: विचारलंय ते लिहिलंय.

कागदवाली: ‘आठ महिने माझे पती मुदत संपलेल्या लायसन्सवर, नजर अधू असताना, मला कामावर ने-आण करत होते. मला हे माहीत नव्हतं. एकदा एक शाळकरी मुलगी आमच्या गाडीखाली येता येता वाचली.’ सिस्टर, हे असं नाही कुणी लिहीत.

नर्सबाई: अक्षर लागत नाही का?

कागदवाली: अक्षर छान आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे. हे बघा, माझ्याकडे कोरे फॉर्म आहेत. मी चहाला जाते दहा मिनिटं. तुम्ही दुसरा भरा, हा तुमच्या पर्समध्ये टाका. कागद काय, गेल्या महिन्यापासूनचे सगळे क्लीन आहेत तुमचे. मागचं कोण उकरणार?

नर्सबाई: तू चांगल्या मनाने सांगतेयस, ते कळतंय मला. पण मी रोज लोकांना विचारते, गोळ्या घेतल्या का. सगळे हो म्हणतात. मी तरी डबी उघडून गोळ्या मोजते. लोकांना राग येतो. एक आजी तर म्हणते, तुझा आईवरही विश्वास नसेल. मी मोजायचं सोडत नाही. आता हा रकाना कोरा ठेवून सही केली, तर उद्या कुठल्या तोंडाने मोजू?

कागदवाली: साहेबांना दाखवावं लागेल.

नर्सबाई: दाखव.

कागदवाली: ते आज सकाळपासून वैतागलेले आहेत.

नर्सबाई: मग मी बसते इथे. माझी पुढची भेट अकराला आहे, असली तर.

(कागदवाली फॉर्म घेऊन आत जाते. वीस मिनिटांनी बाहेर येते.)

कागदवाली: बसा, उठू नका. सांगते. वाचल्या वाचल्या म्हणाले, बंद करा ह्यांच्या भेटी, कायमच्या. मग त्यांनी विचारलं, आपल्याला कळलं कसं हे, कुणी तक्रार केली? मी म्हटलं, नाही सर, त्यांनी स्वतःच लिहिलंय, कुणी विचारायला गेलं नव्हतं. मग चष्मा काढून पुसत बसले बराच वेळ.

नर्सबाई: पुढे?

कागदवाली: एक महिना घरभेटी नाहीत. भांडारात बसायचं, ड्रेसिंगचं सामान लावायचं. फायलीत ताकीद जाईल, ती राहील. महिन्यानंतर आपल्या ऑफिसचा ड्रायव्हर शेजारी बसून तुमची गाडी बघेल, त्याने हो म्हटलं तर परत सुरू. आणि कामाच्या वेळेत गाडीत घरचं कुणी बसायचं नाही.

नर्सबाई: नवरासुद्धा?

कागदवाली: नवरासुद्धा. विम्याचीच अट आहे ती.

नर्सबाई: बरं. कुठे सही करू?

कागदवाली: इथे, आणि इथे. सिस्टर, अजून एक. साहेबांनी बाकीच्यांचे फॉर्म मागवून घेतले. एकोणीस आलेत. एकोणीसच्या एकोणीस जणींचा सात नंबरचा रकाना कोरा आहे. ते म्हणाले, सगळे परत द्या, पुन्हा भरून आणायला सांगा.

नर्सबाई: म्हणजे आता सगळ्या माझ्या नावाने बोटं मोडणार.

कागदवाली: मोडतील. पहिले दोन दिवस. मग माझ्या नावाने मोडतील, फॉर्म मी परत करणार आहे ना.

*

ड्रायव्हर: आलीस? इंजिन बंद केल्याचा आवाज आला तेव्हाच गॅसवर पाणी ठेवलं. पहिल्याच झटक्यात लावलीस गाडी.

नर्सबाई: दुसऱ्या. पहिल्यांदा कुंडीला लागणार होती.

ड्रायव्हर: कसा गेला दिवस? महिनाभर भांडारात बसून हात आखडला असेल.

नर्सबाई: हात ठीक होता. पाठ दुखतेय. नऊच्या नऊ घरं झाली. वीस मिनिटं उशीर झाला एकूण, सगळीकडे थोडा थोडा. आजीने माझ्यासमोर गोळ्यांची डबी आपणहून उघडून ठेवली, म्हणाली, मोज बाई, महिनाभर ती दुसरी यायची, तिने एकदाही मोजल्या नाहीत, मला चैन पडेना. तुम्ही काय केलंत?

ड्रायव्हर: डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. चालत. जाताना पाऊण तास, येताना तासभर. आहे तेवढं टिकलंय म्हणाले, तीन महिन्यांनी या. मग घरी येऊन दोनदा फरशी पुसली. मग तुझी वाट बघितली. मास्तर कसे आहेत?

नर्सबाई: जखम भरत आलीय. त्यांनी पहिलं तुमचंच विचारलं. तुमचे यजमान खाली गाडीत बसलेत का, वर का येत नाहीत. मी सांगितलं, आता येणार नाहीत. का ते पण सांगितलं.

ड्रायव्हर: सगळं?

नर्सबाई: डोळ्याचं सांगितलं. मुलीचं नाही. ते तुम्हाला वाटलं तर तुम्ही सांगा.

ड्रायव्हर: काय म्हणाले?

नर्सबाई: मी पट्टी बांधत होते. मग म्हणाले, बुद्धिबळ येतं का त्यांना? मी म्हटलं, आगारात दुपारच्या सुट्टीत खेळायचे. तर म्हणाले, माझ्या पायाने मी खाली उतरू शकत नाही, त्यांना म्हणावं तुम्ही वर चढा. दिवसभर तो पट तसाच मांडून ठेवलेला असतो त्यांच्याकडे. दोन्ही बाजूंनी तेच खेळतात.

ड्रायव्हर: त्यांच्या घरी जायचं म्हणजे सत्तावीस नंबरची बस.

नर्सबाई: आपल्या कोपऱ्यावरूनच जाते ना?

ड्रायव्हर: जाते. नऊ वर्षं चालवली मी ती. थांबा न् थांबा पाठ आहे.

नर्सबाई: मग उद्या जा दुपारी. मी सकाळी जाऊन येते त्यांच्याकडे, तसं सांगून ठेवते.

ड्रायव्हर: निवृत्त झाल्यापासून बसमध्ये चढलो नाही. त्याच्या आधी चढायचो ते ड्रायव्हरच्या दाराने.

नर्सबाई: आता मागच्या दाराने चढा. तिकीट काढा आणि बसा.

ड्रायव्हर: बसायचं कुठे असतं गं?

नर्सबाई: रिकामी जागा असेल तिथे.